एक घर सरकवून केलेली बेरीज

शेडच्या चाव्या पाच वाजता द्यायच्या होत्या. मी साडेतीनला पोहोचले, कारण यादीत साडेतीन लिहिलं होतं. यादी छोटीच होती. विजेच्या मीटरचा आकडा टिपणे. उरलेले पॅटर्न पोत्यात भरणे. सरसाचं भांडं घरी नेणे. कपाटाच्या दाराची आतली बाजू पाहणे. आणि शेवटची ओळ: दोन खिळे.

त्या ओळीपुढे काय करायचं ते मी लिहिलं नव्हतं. माझ्या यादीत क्रियापदाशिवाय ओळ नसते. ऑफिसात मुली मला त्यावरून हसतात, घरात मुलगा हसतो. मी वाणसामानाची यादीसुद्धा 'आणणे' लिहून पुरी करते. पण हे दोन खिळे तसेच राहिले.

शटर वर ढकललं आणि आधी वास आला. कोंडलेल्या सागवानाचा, पॉलिशच्या चपडालाखेचा, आणि त्याखाली कुठंतरी सरसाचा. सरस म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचा डिंक. इसाकचाचा, आबांचे जुने जोडीदार, तो रोज सकाळी स्टोव्हवर शिजवायचे आणि सगळी गल्ली नाक धरायची. "वास येतोय तवर जोड पक्का," असं चाचा म्हणायचे. चाचा जाऊन किती वर्षं झाली. वास अजून येतो.

माझे वडील, आबा, पॅटर्नमेकर होते. उद्यमनगराबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रत करावी लागते. ती मातीत दाबून ठसा घ्यायचा, आणि त्या ठशात फौंड्रीवाले रस ओततात. त्या लाकडी प्रतीला सगळं कोल्हापूर पॅटर्न म्हणतं. आता गोम अशी, की ओतलेलं लोखंड निवताना आकसतं. फुटामागं एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी एक वेगळी पट्टी असते. तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा, आणि फूट सूतभर मोठा. आम्ही तिला वाढीव पट्टी म्हणायचो. दुसरी साधी. दोन्ही पिवळट लाकडाच्या, दोन्हींच्या टोकांना पितळ, दोन्हींवरचे आकडे हाताच्या घामानं पुसट झालेले. त्या ओळखायच्या खिळ्यावरून. उजव्या खिळ्यावर वाढीव, डाव्यावर साधी.

"पट्टीकडं बघायचं न्हाय, खिळ्याकडं बघायचं," आबा प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. "डोळा चुकतो. खिळा चुकत न्हाय."

खिळे अजून त्याच भिंतीवर आहेत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. पट्ट्याही लटकलेल्या आहेत. मी हात लावला नाही. आधी मीटरचा आकडा टिपला.

या शेडचे ऋतू वेगळे होते. वैशाखात लाकूड सुकून कडकड आवाज करायचं, आणि आबा त्याला "गप की" म्हणून दटावायचे. पावसाळ्यात तेच लाकूड फुगायचं. कपाटाचं दार लागायचं नाही, पत्र्यावरच्या आवाजानं बोलणं ऐकू यायचं नाही, मग चाचा आणि आबा दिवसभर खुणांनी भांडायचे. थंडीत वारा फिरला की लांबच्या गुऱ्हाळांचा गोड धुरकट वास यायचा आणि फौंड्रीच्या धुरात मिसळायचा. मला अजून गूळ खाताना किंचित लोखंड लागतं. रंध्यातून कुरळ्या ढलप्या निघायच्या. मी त्या कानात डूल म्हणून अडकवायची. दादा म्हणायचा, "बारके, सागवानाचं डूल घालणारी राणी तूच बघ."

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. सकाळी कॉलेज, दुपारपासून शेड. हात आबांचे होते, डोकं कुणाचं होतं कुणास ठाऊक. त्याला गणित आवडायचं, म्हणजे लोकांना जशी मिसळ आवडते तसं. समोर आलं की डोळे चमकायचे. पटाशी चालवता चालवता तो मला उदाहरणं घालायचा. चाचा वैतागायचे. "आरं, पोरीला शिकवतोयस का लाकडाला?"

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. मी नववीत होते. रविवारची सकाळ. आबा पहाटेच्या एसटीनं गडहिंग्लजला आत्याकडं गेले होते, आठ-दहा दिवसांसाठी. जाताना त्यांनी पहिल्यांदाच एक अख्खा पॅटर्न दादाच्या एकट्याच्या हातात दिला होता. पंपाचा होता. दादा त्या दिवशी इतका खूश होता, की त्यानं मला अनंत शिकवलं.

प्लायवूडच्या एका तुकड्यावर त्यानं चपट्या पेन्सिलीनं लिहिलं. एक. त्यात अर्धा. त्यात पाव. त्यात अर्धपाव. त्यात त्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं. पुढे टिंबं.

"कर बेरीज."

"कधीपर्यंत?"

"कवाच थांबायचं न्हाय."

"मग बेरीज कशी होईल?" मला रडू यायला लागलं होतं. संपत नाही अशा गोष्टीची मला तेव्हाही भीती होती.

"घाबरतीस कशाला? आधी तिला नाव ठीव. बेरजेचं नाव ब. ब किती हाय ते ठाऊक न्हाय, पण नाव हाय. आता ब ला निम्मं कर."

मी प्रत्येक आकडा निम्मा केला. एकाचा अर्धा झाला, अर्ध्याचा पाव, पावाचा अर्धपाव.

"खाली लिही. पण सरळ खाली न्हाय. एक घर सरकवून."

लिहिलं. वरच्या अर्ध्याखाली खालचा अर्धा आला, पावाखाली पाव, अर्धपावाखाली अर्धपाव. टिंबांखाली टिंबं.

"कर वजाबाकी."

अर्ध्यातून अर्धा गेला. पावातून पाव. सगळी शेपूट, न संपणारी, एका दमात उडाली. वर फक्त पहिला एक उरला. ब वजा निम्मा ब, म्हणजे निम्मा ब, बरोबर एक. म्हणजे ब बरोबर दोन.

मी बघतच राहिले. जे कधी संपत नव्हतं ते माझ्यासमोर दोन होऊन बसलं होतं, दोन बत्ताशांसारखं.

"अनंताची शेपूट अनंताच्याच शेपटीनं कापायची," दादा म्हणाला. "आणि अजून एक गंमत. यात कुठंबी थांब. जेवढं शेवटचं आलं, बरोबर तेवढंच उरलेलं असतंय. पाव आला? पावच उरला. सूत आलं? सूतच उरलं. कमी न्हाय, जास्ती न्हाय."

मग म्हणाला, "पण ध्यानात ठीव, ही युक्ती कमी होत जाणाऱ्यालाच चालती. वाढत जाणाऱ्याला लावलीस तर बघ काय हुतंय." त्यानं एक, दोन, चार, आठ असं लिहिलं आणि तशीच सरकवून वजाबाकी केली. उत्तर आलं उणे एक. मी हसून हसून लोळले. एवढं सगळं मिळवायचं, मिळवतच राहायचं, आणि हातात काय, तर वजा एक.

मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून आम्ही दोघांनी खिळ्यांवरच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. दादानं फळीवर एक फुटाची रेघ मारली. तिच्यावर मी माझ्या पट्टीनं तुकडे मोजत गेले. सहा इंच. मग तीन. मग दीड. मग पाऊण. मग तीन सूत, दीड सूत, पाऊण सूत. आणि पाऊण सुताला माझा तुकडा रेघेच्या टोकापलीकडं गेला.

दादा आधी चकित झाला, मग खदखदून हसला. "आयला! लोक अनंतापर्यंत चालत्यात तरी पोचत न्हाईत, आणि तू सातव्या पावलाला वलांडून गेलीस!" मग माझ्या हातातली पट्टी त्याच्या पट्टीशेजारी धरून म्हणाला, "वाढीव घेतलीस व्हय ग. जा, दोन्ही जिथल्या तिथं अडकव."

तेवढ्यात आईनं हाक मारली. नळाला पाणी आलं होतं. मी पट्ट्या अडकवल्या आणि घागर घेऊन पळाले.

यापुढचं मी यादीसारखंच लिहिते. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला ते लिहिता येत नाही. सोमवारी दादानं उजव्या खिळ्यावरची पट्टी काढली. आठवडाभर काम केलं. शनिवारी पॅटर्न फौंड्रीत गेला, चाचांनी त्याला तांबडा रंग देताना "बापाच्या वरताण केलास" असं म्हटलं. सोमवारी ओतकाम झालं. मंगळवारी सकाळी फौंड्रीचा निरोप आला, माल कमी भरतोय. आणि मंगळवारी दुपारीच आबा गडहिंग्लजहून उतरले.

मी शाळेतून आले तेव्हा शेडसमोर माणसं होती. बारा नग हातगाडीवर पडले होते, सगळे सारख्याच चुकीचे. आबा एरवी मोठ्यानं बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले, हातात तो आकड्यांचा प्लायवूडचा तुकडा धरून.

"खिळा बघून पट्टी घ्यायची अक्कल न्हाय, आणि अनंताची बेरीज करतोय! कुणी सांगितलीया तुला अनंताची बेरीज? हां? बारा इंचाची कर की आधी, शाण्या!"

कुणीतरी हसलं. फौंड्रीचा माणूस असावा. मला दादाचा चेहरा दिसत नव्हता, त्याची मान तेवढी दिसत होती.

"चुकलं, आबा," दादा म्हणाला. एवढंच.

मी आत पळाले. मला खिळे बघायचे होते. दोन्ही पट्ट्या काढल्या. त्या शेजारी-शेजारी धरून पाहिल्या. उजव्या खिळ्यावर वाढीव. डाव्यावर साधी. सगळं बरोबर होतं.

ती सुटका मला अजून आठवते. मी ढलप्यांच्या ढिगावर बसले. म्हणजे मी नीटच अडकवल्या होत्या. म्हणजे चूक दादाचीच. या सुटकेवर मी पुढची चौदा वर्षं काढली, आणि ती एकदाही मला पुरी पटली नाही.

दादा महिन्याभरात गेला. कोईमतूरला, तिथल्या एका पॅटर्नशॉपमध्ये. कॉलेज राहिलं. का गेला, आई आणि आबांमध्ये काय बोलणं झालं, ते मी लिहीत नाही. त्याच्या पेटीत आईनं तिखटाची पुरचुंडी बांधली होती, आणि ती वाटेत फुटून त्याचे सगळे सदरे शिंकत होते असं त्यानं पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

कपाटाच्या दाराची आतली बाजू. बघितली. माझं अक्षर, चपट्या पेन्सिलीचं. वर 'दादा', खाली आकडे.

पहिल्यांदा तो पुढच्या दिवाळीला आला, सोळा दिवस. आबा त्याच्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की आईकडं बघून म्हणायचे, "त्याला म्हणावं, आमटी घे." त्याच्यापुढच्या वर्षी आठ दिवस. मग चार. बारावीच्या सुट्टीत मी हे आकडे एकाखाली एक बघितले. मी दारावर तिथंच लिहिलं, ब बरोबर बत्तीस. अठ्ठावीस होऊन गेले होते. म्हणजे माझा दादा आता या घरात, सगळा मिळून, कितीही वेळा आला तरी, चार दिवस उरला होता. मी आकडे थोडे इकडंतिकडं केले होते, हे कबूल करते. सतरा दिवसांचे सोळा केले होते. पण निवणारं लोखंडही सुतासुतानंच आकसतं, आणि ते आकसतंच.

त्यानंतर तो दोन दिवसांसाठी आला तेव्हा मी त्याचं एक चप्पल लपवलं. सतरा-अठरा वर्षांची घोडी, आणि लपवलं पाण्याच्या टाकीमागं. मला फक्त तिसरा दिवस हवा होता. एका जास्तीच्या दिवसानं मालिका मोडली असती. आईनं सगळं घर उलथंपालथं केलं. दादानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि त्याला कळलं.

"काय ग, बेरीज वाढवतीस व्हय?"

मी त्याला दार उघडून आकडे दाखवले. त्यानं बोटानं एकेक आकडा खालपर्यंत मोजला. हसला नाही.

"उत्तर बरोबर हाय," म्हणाला.

"मग बदल की!"

"उत्तर कसं बदलणार? गुणोत्तर बदलाय लागतंय."

"मग ते बदल."

"ते माझ्या हातात न्हाय, बारके."

तेव्हा तो माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, आबांबद्दल बोलतोय. माझ्या जिभेवर खिळ्यांची गोष्ट आली होती, अगदी दातांपर्यंत. पट्ट्या मी बरोबर लावल्या होत्या ना, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं. तो आईच्या रबरी सपाता घालून गेला, टाचा बाहेर. एसटीच्या पायरीवर चढताना त्यातली एक निसटली आणि कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, चप्पल घेताय का वहाण दान करताय?"

पुढच्या वर्षांमध्ये घर वाढत गेलं. शेजारची शेड घेतली. फोन आला, रंगीत टीव्ही आला, आबांना नवं मशीन आलं, माझं लग्न झालं, घरात पाव्हण्यारावळ्यांची ये-जा दुप्पट झाली, मग चौपट. आई एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "समदं हाय बघ घरात. समदं मिळालं." आणि तवा रिकामाच तापत ठेवून बसून राहिली. मला तो प्लायवूडचा तुकडा आठवला. एक, दोन, चार, आठ. उत्तर उणे एक.

दादा एक दिवस आला. मग बारा तास आला, माझ्या मुलाच्या बारशाला. मग दिवस संपले आणि नुसते तास राहिले: सहा, तीन, दीड. दर वेळी मी त्याला सांगायच्या गोष्टींची यादी करायची. माझी यादीची सवय तिथली आहे. लोकांना वाटतं, मी मुळातच व्यवस्थित आहे. दर यादीच्या शेवटी एकच शब्द असायचा, पट्टी. आणि दर वेळी तिथं पोहोचायच्या आधी बस लागायची. निम्मं बोलून व्हायचं. पुढच्या खेपेला उरलेल्याच्या निम्मं.

आबा गेले तेव्हा तो पोहोचला सगळं झाल्यावर. पंचगंगेच्या घाटावर पाऊण तास उभा राहिला. राख सावडायची वेळ अजून झाली नव्हती. तो म्हणाला, "ऊन लई हाय, आईला घरी ने," आणि तिथूनच परत गेला. आबा शेवटपर्यंत हेच धरून गेले, की पोरगा हुशार होता पण बेपर्वा. एका वाक्यानं ते बदलता आलं असतं. ते वाक्य माझ्याकडं होतं, आणि मी त्याला दर वर्षी यादीत तळाला ठेवत होते.

मला वाटलं होतं, आता तरी गुणोत्तर बदलेल. बदललं नाही. मोडलेल्या हाडासारखं ते तसंच बसलं होतं.

शेवटचं म्हणजे दोन हजार सातच्या आसपास. तो बंगळूरमार्गे पुण्याला चालला होता कामासाठी. बस कोल्हापूरच्या स्टँडवर थांबणार होती. फोनवर म्हणाला, "ये की स्टँडवर. च्या पिऊ." मी भडंगाची पिशवी, आईनं दिलेला स्वेटर आणि यादी घेऊन अर्धा तास आधी जाऊन उभी राहिले. बस उशिरा आली, म्हणून थांबा तोडला. बावीस मिनिटं. हिशेबानं साडेबावीस यायला हवी होती. अर्धं मिनिट कंडक्टरनं खाल्लं.

दादाचे केस पांढरे झाले होते. भडंग तो मूठ मूठ खात होता. "वाच," म्हणाला. "तुझी यादी वाच, मला ठाऊक हाय तू केलीयास."

मी वाचली. आईचे गुडघे. शेडची कागदपत्रं. माझ्या मुलाला गणित आवडत नाही. "त्याला सरकवाय शिकीव," दादा म्हणाला. चाचा गेले. त्यानं हातातलं भडंग परत पिशवीत टाकलं. मग शेवटची ओळ आली. पहिल्यांदाच आली.

"दादा, त्या पट्ट्या."

"कंच्या?"

"खिळ्यांवरच्या. त्या रविवारी मी अडकवल्या होत्या. नंतर बघितल्या तेव्हा बरोबर होत्या."

ड्रायव्हर चढला. बसचा धूर आमच्यामध्ये आला. दादा पायरीवर चढून वळला आणि त्यानं माझ्याकडं जसं बघितलं तसं ढलप्यांचे डूल घातल्यावर बघायचा.

"बारके," म्हणाला, "वाढीव डाव्या खिळ्यावर कोण अडकवतं ग?"

मला काही कळेना. मग कळलं. फौंड्रीचा निरोप सकाळी आला होता. आबा दुपारी आले होते. मधल्या वेळात त्यानं दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी धरल्या होत्या, आणि मग एकेक घर सरकवून परत जागेवर लावल्या होत्या. मी यायच्या आधी. आबा यायच्या आधी.

"तू लावल्यास?" मी बसबरोबर चालत होते. "आणि बोलला का नाहीस?"

"मग काय, तुला उभी करू व्हय आबांच्या म्होरं? चौदा वर्साची पोर!"

"पण दादा, मी..."

"बोलू की निवांत," तो खिडकीतून ओरडला. "पुढच्या टायमाला!"

मी स्टँडवर उभी राहून हिशेब केला. मला दुसरं काही येत नाही. जेवढं शेवटचं आलं, बरोबर तेवढंच उरलेलं असतं. बावीस मिनिटं उरली होती. मी ठरवलं, पुढच्या वेळी यादी नाही. एकच वाक्य, आणि ते पहिलं.

पावसाळ्यात कोईमतूरहून फोन आला. आवाज दुसऱ्याच कुणाचा होता, हिंदी मोडकं होतं, आणि त्यानं आधी मला विचारलं, की जवळ कुणी आहे का.

ते सगळं मी लिहीत नाही.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पॅटर्न पोत्यात भरून झाले. सरसाचं भांडं पिशवीत ठेवलं. आई गेल्या वर्षी गेली. त्या रविवारी नळाला पाणी आलं म्हणून हाक मारणारंही आता कुणी नाही. मी भिंतीपाशी गेले आणि दोन्ही पट्ट्या काढल्या. शेजारी-शेजारी धरल्या. एका टोकाला जुळतात. दुसऱ्या टोकाला एक सूत कमी पडतं, बोटाच्या नखाएवढंही नाही. त्या फटीत आमचं सगळं घर गेलं.

मग मी उपडा खोका घेऊन खिळ्यांसमोर बसले. मोबाईलवर वेळ लावली. बावीस नाही लावली. अकरा लावली.

कारण बावीस वापरली तर संपतील. अकरा वापरली तर अकरा उरतील. पुढच्या वर्षी साडेपाच. त्याच्यापुढं पावणेतीन. ती बेरीज कधी बाविसाच्या पुढं जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण ती कधी संपणारही नाही, हेही त्यानंच शिकवलं आहे.

"दादा," मी म्हटलं, "पट्ट्या मी उलट्या अडकवल्या होत्या. आबांना मी सांगायला हवं होतं."

रिकाम्या शेडमध्ये आवाज मोठा झाला. पत्रा उन्हानं कडकडला. एवढं वाक्य बोलायला चार सेकंद लागली असतील. बाकीची सगळी मिनिटं मी नुसती बसून राहिले, आणि ती मला अजिबात पुरली नाहीत.

मोबाईल वाजला. शटरखालून शेड विकत घेणाऱ्याचा माणूस वाकून बघत होता. पेठ वडगावहून आलेला, हातात नवं कुलूप.

"ताई, लवकर आलो जरा. झालं का समदं?"

मी दोन्ही पट्ट्या पिशवीत ठेवल्या आणि पक्कड घेऊन खिळे उपटले. आधी डावा, मग उजवा. उजवा जास्त खोल होता.

"निम्मं झालं," मी म्हटलं, आणि त्याच्या हातात चाव्या दिल्या.